आप्पांची पेन्शन आईच्या नावावर करताना

आमच्या भागात माजी सैनिक वारला की बाराव्याच्या आधीच कोणीतरी विचारतंच, "पेन्शन बंद करायला कळवलं काय?" विचारणारा बहुतेक वेळा दुसरा माजी सैनिक असतो, आणि त्याच्या विचारण्यात कोरडेपणा नसतो. माणूस गेल्यानंतर खात्यावर पडलेले पैसे परत घेतले जातात. तोवर ते कार्यात खर्च झाले असले तर पुढं विधवेच्या फॅमिली पेन्शनमधून कापले जातात. गल्लीतल्या सुभेदार काकांनी आप्पांची राख थंड व्हायच्या आत मला बाजूला घेऊन हे सांगितलं, तेव्हा मला राग आला होता. महिनाभरात त्यांच्याशिवाय पान हलेना.

आमचं गाव उचगावच्या पुढं, शिनोळीच्या अलीकडं. शिनोळी महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात असल्यामुळं इथल्या पोरांना भरतीसाठी लांब जावं लागत नव्हतं. भाताची लावणी उरकायची, सायकलवरून कॅम्पात जायचं, उंची-छाती मोजून घ्यायची. आप्पा असेच १९६३ साली गेले. चीनच्या लढाईनंतर भरती जोरात होती. पुढं १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जंगी पलटण. १७६८ साली उभी राहिलेली ही पलटण, हे ते घरी कधी सांगत नसत. सेंटरला गेल्यावर मात्र शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत प्रत्येकाला ते साल पाठ असतं. १९७९ ला आप्पा हवालदार म्हणून घरी आले, एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले, तिथूनही निवृत्त झाले आणि शेवटची वीस-बावीस वर्षं रताळ्याच्या रोपांवर आणि नातवंडांवर सारख्याच आवाजात ओरडत राहिले. २०२३ च्या पावसाळ्यात गेले.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहे. कागदांचं काम मला जमत नाही असं नाही, पण लष्कराच्या कागदांची रीत वेगळी. पहिल्यांदा बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी मृत्यूचा दाखला घेतला, खातं थांबवलं आणि सांगितलं, "आता आमच्या हातात काही नाही, सगळं स्पर्शवर गेलंय." ते खरंच होतं. पूर्वी पेन्शनचा हिशेब बँक ठेवायची. आता 'स्पर्श' नावाची एकच संगणकीय व्यवस्था आहे, तिचा कारभार प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून चालतो, आणि बँक फक्त पैसे खात्यावर घेते. स्पर्शच्या केंद्रावर पोरानं आप्पांची माहिती उघडली. नाव बरोबर, नंबर बरोबर, हुद्दा बरोबर. पत्नीच्या नावाचा रकाना रिकामा.

ज्यांच्या घरात असा जुना पेन्शनर आहे त्यांनी हे आजच बघून घ्यावं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अलीकडं निवृत्त होणाऱ्याच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मूळ आदेशावर, बायकोचं नाव आणि तिला पुढं मिळणारी फॅमिली पेन्शन आधीच लिहिलेली असते. नवरा गेल्यावर दाखला दिला की काम पुढं सरकतं. आप्पांच्या पीपीओवर तसं काहीच नव्हतं. पिवळा पडलेला एक कागद, त्यावर त्यांचा नंबर आणि त्या काळची रक्कम. अशा वेळी रेकॉर्ड ऑफिसनं, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांचे कागद सांभाळणाऱ्या कचेरीनं, स्वतःकडच्या नोंदी तपासून लग्नाची खात्री करायची, प्रकरण प्रयागराजला पाठवायचं, आणि तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघायचा. पेन्शनर जिवंत असताना हे करून घेता येतं. नवरा-बायकोचा एकत्र फोटो, आधार आणि एक अर्ज एवढ्यावर भागतं. आप्पांना सुभेदार काकांनी दोनदा सांगितलं होतं म्हणे. आप्पांचं उत्तर: "मी काय एवढ्यात मरत नाही."

मराठाचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, हे आमचं भाग्य. कुमाऊँच्या किंवा राजपूत रेजिमेंटच्या माणसाच्या घरच्यांना केवढा प्रवास करावा लागत असेल. गेटवर ओळखपत्र दाखवायचं, मोबाईल जमा करायचा, बाकावर बसायचं. बाकावर नेहमी दोन प्रकारची माणसं. नुकतेच निवृत्त झालेले, ताठ, फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि नऊवारीतल्या म्हाताऱ्या बायका, सोबत जावई किंवा नातू. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, खानापूर, निपाणी, सगळीकडच्या. राज्यांची हद्द त्या बाकावर कुणालाच आठवत नाही. सगळ्यांची विचारपूस एकच, "कुठली पलटण?"

पहिल्या वेळी क्लार्कनं आधी नंबर विचारला. नावात एखादं अक्षर इकडंतिकडं झालं तर चालवून घेतात, नंबर चुकला तर माणूसच सापडत नाही. डिस्चार्ज बुक मी घरी विसरलो की काय म्हणून पिशवी चाचपत होतो, तेवढ्यात शेजारी बसलेल्या आईनं सगळा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. आईला अक्षरओळख नाही. क्लार्कनं मान वर करून बघितलं. आप्पा नोकरीत असताना ती शाळेच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची, आणि पत्त्यावरचा नंबर मास्तर तिला दर वेळी विचारायचे. नंबर, नाव, कंपनी, पलटण, ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल. पूर्वेकडं गेले की ९९ एपीओ. पंचेचाळीस वर्षं कुणी विचारला नसेल, तरी तो तिथंच होता.

मग क्लार्कनं जुनी नोंद वाचली. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघालेली होती, म्हणजे आप्पांनी रजेवरून परत गेल्यावर लग्न झाल्याचं कळवलं होतं. साल १९६९. पुढं बायकोचं नाव. ते नाव आईचं नव्हतं.

मी आईकडं बघितलं. क्लार्क साताऱ्याकडचा, वयानं लहान. त्यानं अतिशय सावधपणे विचारलं, "मावशी, साहेबांचं आधी एखादं लग्न वगैरे...?"

आई म्हणाली, "ते मीच की. दुसरी कोण असणार?"

ते तिचं माहेरचं नाव होतं. आई आप्पांच्या मामाची मुलगी. चंदगड तालुक्यातल्या त्यांच्या आजोळी आप्पा लहानपणापासून सुट्टीला जायचे आणि ती पाळण्यात असल्यापासून तिला त्या नावानं ओळखायचे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गावात, रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधारवर ते नवं नाव चाललं. आणि महिनाभरानं हेच आप्पा पलटणीत क्लार्कसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांनी सांगितलं जुनं नाव. आईला हे आत्ताच कळत होतं. ती हसली आणि म्हणाली, "तांदळात लिवलेलं त्येंच्या कुठलं ध्यानात ऱ्हातंय!" क्लार्कही हसला. मग त्यानं यादी लिहून दिली आणि माझं हसू गेलं.

दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायचं होतं. कोर्टासमोरच्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्र, नोटरी, दोन वर्तमानपत्रांत जाहीर निवेदन, एक इंग्रजी आणि एक इथलं मराठी. नाडकचेरीतून वंशवृक्ष. तो मिळतो कन्नडमध्ये, त्यामुळं त्याचं इंग्रजी भाषांतर. आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीचा दाखला, तो महाराष्ट्राच्या शिक्क्याचा, मराठीत. लष्कराचे फॉर्म हिंदी-इंग्रजी. एवढी एक विधवा, तिच्या फाईलीत चार भाषा. मी तक्रार म्हणून सांगत नाही, आमच्याकडं प्रत्येक घराची फाईल अशीच असते. आप्पांचेच कागद बघा. १९५५ चा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर मुंबई राज्य. भरतीच्या कागदावर म्हैसूर राज्य. डिस्चार्ज बुकावर कर्नाटक. घर तेच, गोठाही तोच. एका टेबलावर मला विचारलं, "यातलं मूळ राज्य कोणतं?" मी म्हटलं, "तुम्हाला जे चालेल ते लिहा."

या सगळ्यात सगळ्यात जास्त वेळ माहेरच्या दाखल्याला गेला. आई शाळेत गेलीच नाही, त्यामुळं शाळेच्या रजिस्टरात नाव नाही. जन्माची नोंद नाही. ग्रामसेवक म्हणाले, "मी कशावरून लिहू?" शेवटी मामा आणि त्यांच्या वयाची गावातली दोन माणसं पंचायतीत आली आणि आईला त्या जुन्या नावानं हाक मारत तासभर गप्पा मारत बसली. ग्रामसेवक ऐकत होते. दाखला त्यांनी त्याच दिवशी दिला. अशा ठिकाणी नियमावर बोट ठेवणारा माणूस भेटला असता तर आम्ही अजूनही फिरत असतो, असं मला वाटतं.

जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचं काम त्या मानानं सरळ. तिथं आईचं विधवा म्हणून ओळखपत्र झालं, कागदांवर सह्या-शिक्के झाले. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचं, कार्ड आणि कँटीनचं कार्ड, दोन्हींवरून आप्पांचं नाव काढून आईचं चालू करायचं असतं. तेही झालं.

गावात फॅमिली पेन्शनबद्दल वाट्टेल ते सांगितलं जातं. कोणी म्हणतं सगळी मिळते, कोणी म्हणतं अर्धी. नियम असा: नोकरीत असताना किंवा निवृत्तीनंतर लवकर माणूस गेला तर काही वर्षं वाढीव दर, म्हणजे हिशेबी पगाराच्या, ज्यावर पेन्शन मोजतात त्या पगाराच्या, ५० टक्के. माणूस सदुसष्ट वर्षांचा होऊन गेला असेल तर वाढीव दराचा प्रश्न उरत नाही, पहिल्यापासून साधा दर, ३० टक्के. आप्पा ७९ व्या वर्षी गेले. त्यांची स्वतःची पेन्शन हिशेबी पगाराच्या निम्मी होती, तेव्हा आईला साधारण त्या पेन्शनच्या तीन पंचमांश मिळणार. त्यावर महागाई भत्ता. आणि तिची ऐंशी पूर्ण झाली की २० टक्के वाढ. ती तारीख आईनं मला कॅलेंडरवर लिहायला सांगितली आहे, त्याला अजून बरीच वर्षं आहेत.

रेकॉर्ड ऑफिसात हेलपाटे घालता घालता मी आणखी एक अर्ज दिला. आप्पांच्या सेवेचा तपशील मिळावा, वारस म्हणून. खरं कारण आमच्या गावात चाललेला वाद.

गावात आप्पांची ओळख '७१ च्या लढाईतले' अशी. जमालपूरची गोष्ट आमच्याकडं पोरासोरांना माहीत आहे. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या त्या गावात पाकिस्तानची ३१ बलुच बसलेली. आपल्या ९५ माउंटन ब्रिगेडचे ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून एका म्हाताऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवली. बलुचांच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. तोवर लेफ्टनंट कर्नल ब्रार यांच्या हाताखाली १ मराठा नदी ओलांडून गावाच्या मागं, टांगाइलच्या रस्त्यावर जाऊन बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री बलुच त्या रस्त्यानं निसटायला निघाले आणि मराठ्यांच्या अंगावर आले. सकाळी जमालपूर पडलं. दुसऱ्या दिवशी पलटण टांगाइलजवळच्या पुंगली पुलाशी पोचली. तिथं आधल्या संध्याकाळी छत्रीनं उतरलेली २ पॅरा वाट बघत होती, आणि तीही मुळातली ३ मराठा. 'जमालपूर' हा पलटणीचा युद्धसन्मान झाला.

गावकऱ्यांच्या गोष्टीत आप्पा त्या रस्त्यावर, मशीनगनमागं. आप्पा स्वतः मात्र दर वेळी म्हणायचे, "मी मागं होतो. वरच्या पोरांना जेवण न् राऊंड पोचवत होतो." लोकांना तो विनय वाटायचा. बांगलादेशबद्दल ते आपणहून एकच बोलायचे: तिकडं भात आपल्यापेक्षा उशिरा काढतात, डिसेंबरातसुद्धा शिवारात उभं होतं. ऐकणाऱ्यांचा हिरमोड व्हायचा.

तपशील आला. पानं थोडी, भाषा कोरडी. लढाईला त्यात जेमतेम दोन ओळी, दोन मेडलांच्या: 'पूर्वी स्टार' (पूर्वेकडच्या लढाईचा) आणि 'संग्राम मेडल'. बाकी सगळं इतर. शिपाई, मग लान्स नाईक, मग नाईक, प्रत्येक बढतीची तारीख. ड्रिलचा कोर्स. हिशेबाचा आणि स्टोअरचा कोर्स, तो १९७० चा. रजा, किती दिवस, कुठून कुठवर. दवाखान्यात भरती, मलेरिया. फॅमिली अलॉटमेंट, म्हणजे पगारातून परस्पर घरी मनीऑर्डर जाणारी रक्कम: १९६३ पासून आजीच्या नावे, लग्नानंतर आईच्या त्या माहेरच्या नावे, आणि ती दर वाढीबरोबर वाढवलेली. शेवटची चार वर्षं सीक्यूएमएच, कंपनीच्या सामानाचा आणि शिध्याचा हवालदार. चारित्र्य: एक्झम्प्लरी, म्हणजे आदर्श.

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. लढाई त्यांच्या नोकरीत पंधरवड्याची. सोळा वर्षांतला बाकीचा सगळा काळ ते कांबळी मोजत होते, रजेचे अर्ज करत होते आणि घरी पैसे पाठवत होते. घरात आम्हा भावंडांना त्यांच्या ज्या सवयींचा वैताग यायचा, सुतळीचा तुकडा जपायचा, पोती रिकामी झाली की घडी घालून संख्या भिंतीवर खडूनं लिहायची, लग्नाच्या पंगतीत पत्रावळी मोजून द्यायच्या, त्या सगळ्या या कागदात तारखांसकट होत्या. आणि '७१ ला ते खरंच मागं होते असं दिसतंय. चंदगडकडचे त्यांच्याच पलटणीतले एक म्हातारे नाईक रेकॉर्ड ऑफिसच्या बाकावर भेटले. आप्पांचं नाव काढल्यावर म्हणाले, "त्यो शिध्यावाला? व्हय की. होड्यांतनं पेट्या आणायचा रात्री. आमच्या पोटात दोन दिवसांनी गरम पडलं ते त्येच्या हातनं." माझ्या मते यात कमीपणा नाही, पण गावाला पटवणं अवघड आहे.

दुरुस्तीचा पीपीओ यायला वेळ लागला. मध्ये एकदा प्रयागराजहून शंका निघून परत आलं, जन्मतारखेबद्दल, ते वयाच्या वैद्यकीय दाखल्यानं मिटलं. शेवटी आला तेव्हा आईचं नाव दोन्ही मिळून होतं, मध्ये 'उर्फ'. पेन्शन आप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची धरून, थकबाकी एकदम खात्यावर पडली. आता दर वर्षी हयातीचा दाखला. आईच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, भात लावून लावून रेषा गेल्यात. मोबाईलवर चेहरा दाखवून ते होतं, फक्त डोळे मिटवून उघडा म्हटलं की ती हसायला लागते आणि पुन्हा करावं लागतं.

मेडलांपैकी 'पूर्वी स्टार' आमच्याकडं नाहीच. संग्राम मेडल आहे, कडेवर नंबर-नाव कोरलेलं. स्टार आप्पांनी कधी घेतला नाही की कुठं गेला, समजायला मार्ग नाही. पैसे भरून दुसरा मागता येतो, तो अर्ज दिलाय.

गावातल्या माजी सैनिक मंडळानं व्यायामशाळेत गावच्या दिवंगत जवानांचे फोटो लावायचं ठरवलंय. आप्पांच्या फोटोखाली काय लिहायचं यावर अजून एकमत नाही. तरुण पोरांना 'जमालपूरचे वीर' पाहिजे. सुभेदार काका म्हणतात, हुद्दा, नंबर आणि पलटण एवढंच लिहायची पद्धत आहे, बाकी सगळं फालतू. मी सीक्यूएमएच घाला म्हटलं तर पोरं म्हणाली, ते कुणाला कळणार? आईला विचारलं. ती म्हणाली, "नंबर बरोबर घाला म्हंजे झालं," आणि पोरांना लिहून घ्यायला लावून स्वतः तपासायला बसली, वाचता येत नसताना. पोरांनी तो परत म्हणून दाखवला, तिनं एका आकड्यावर अडवलं. चूक पोरांचीच होती.